मी त्या समाजातली नाही, तरी या कंपनीत भागीदार व्हावे का?

«आदरणीय ताई,

मी मूळची नागपूरची असून गेली अकरा वर्षे अटलांटामध्ये राहते. एका आरोग्यविमा कंपनीत मी डेटा इंजिनीअर आहे. यजमानांचीही नोकरी चांगली आहे आणि मागच्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे व्हिसाची टांगती तलवार आता उरलेली नाही. माझी एक कृष्णवर्णीय मैत्रीण अनेक वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होती. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या प्रकृतीवर घरच्या घरी देखरेख ठेवणारी एक कंपनी तिने सुरू केली आहे. रक्तदाबाचे यंत्र घरी पाठवायचे, मोबाइलवरून नोंदी घ्यायच्या आणि गरज पडल्यास परिचारिकेने किंवा डूलाने (बाळंतपणात व नंतर सोबत करणाऱ्या प्रशिक्षित मदतनीस बाईने) घरी जायचे, अशी तिची योजना आहे. तांत्रिक बाजू सांभाळणारी सहसंस्थापक म्हणून तिने मला बोलावले आहे. पगार आताच्या निम्म्याहून कमी असेल. यजमान विचारतात, "आजार सगळ्यांनाच होतात, मग एकाच वर्णाच्या बायकांसाठी कंपनी कशाला?" सासूबाईंना "त्या वस्त्यांमध्ये" माझे जाणे पसंत नाही. मला वाटणारी भीती वेगळीच आहे. मी त्यांच्यातली नाही, मग तिथे माझा अधिकार काय? आणि अशा कंपन्या टिकतात तरी का?

एक वाचक, अटलांटा»

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. तुम्ही जावे, असे मला वाटते. मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टींचा लेखी उलगडा झालाच पाहिजे: या देखरेखीचे पैसे कोण आणि कोणत्या करारान्वये देणार, आणि कंपनीच्या नोंदींत काय मोजायचे हे ठरवताना शेवटचा शब्द कोणाचा असणार. तुमची भीती, यजमानांचा प्रश्न आणि कंपनी टिकण्याविषयीची शंका, या तिन्हींची वाट शेवटी याच दोन गोष्टींपाशी येते.

यजमानांचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्याच शहरात घडून गेले आहे. डॉ. शॅलन अर्व्हिंग या अटलांटातील सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रात, साथरोगतज्ज्ञ होत्या आणि आरोग्यातील विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. पुढच्या तीन आठवड्यांत रक्तदाब वाढत राहिला, डोके दुखत राहिले, पाय सुजला, आणि त्या पुनःपुन्हा दाखवायला जात राहिल्या. शेवटच्या भेटीतही रक्तदाब चढलेलाच होता. औषध लिहून देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले आणि त्याच रात्री त्या कोसळल्या. काही दिवसांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्या गेल्या. शिक्षण, पद, विमा आणि स्वतःच्या शरीरात काय चालले आहे याची शास्त्रीय जाण असे सारे काही त्यांच्यापाशी होते. त्यांच्या आईने, वांडा अर्व्हिंग यांनी, पुढे मुलीच्या नावाने संस्था काढली आणि त्या संस्थेने कृष्णवर्णीय मातांसाठी जे ॲप तयार केले त्याचे नाव आहे 'बिलीव्ह हर', म्हणजे 'तिच्या शब्दावर विश्वास ठेवा'.

यजमानांना ही हकीगत सांगून झाल्यावर सीडीसीचे २०२३ चे आकडेही सांगा. दर एक लाख जिवंत जन्मांमागे मरण पावलेल्या मातांचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांत १४.५ होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. ही तफावत केवळ गरिबीमुळे पडते असे म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला असलेला धोका शाळाही पूर्ण न केलेल्या श्वेतवर्णीय स्त्रीपेक्षा अधिक असल्याचे सीडीसीच्याच अभ्यासातून दिसले आहे. गर्भारपण व बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर वर्षभरात होतात आणि दर पाचांतले चार टाळण्याजोगे असतात. तुमच्या मैत्रिणीने नेमका हाच काळ निवडला आहे. ज्या घराचे छप्पर गळते तिथे आधी चढायचे असते, आणि इतर घरांचे छप्परही नीट राहावे या इच्छेला त्याने कुठेच बाध येत नाही. कंपनीचे दार कोणत्याही स्त्रीला बंद नसावे, हे मात्र खरे. त्यामागे कायद्याचेही एक कारण आहे, त्याकडे पुढे येते.

आपल्या घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना कसा जातो ते आठवा. आई, मावशी किंवा मालिशवाली बाई रोज सकाळी तिच्या अंगाला हात लावते. त्या हाताला सूज कळते, ताप कळतो. "आज तुझा चेहरा बरा दिसत नाही" असे म्हणणारे कोणीतरी चोवीस तास त्याच छपराखाली असते. त्या सव्वा महिन्यात बंधनेही पुष्कळ असतात आणि मला ती सारीच पटत नाहीत, पण तिच्यावर नजर असते हे कबूल करावेच लागेल. अमेरिकेत वर्षानुवर्षे रीत अशी होती की बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जायची आणि डॉक्टरांकडे तिची पुढची भेट सहा आठवड्यांनी. रक्तदाब तर प्रसूतीनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर चढतो. तेव्हा ती घरी असते, दोन-तीन तासांच्या झोपेवर असते, आणि डोके दुखले तर जागरणाने दुखत असेल असे समजून गप्प बसते. आता लवकर तपासणी करावी अशी शिफारस आहे, पण ती शिफारस पाळायला बाळ घेऊन, दोन बस बदलून दवाखान्यात पोहोचावे लागते.

या अडचणीवरचा उपाय किती साधा असू शकतो, हे फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या २०६ स्त्रियांपैकी निम्म्यांना त्यांनी नेहमीप्रमाणे दवाखान्यात तपासणीला बोलावले आणि निम्म्यांना यंत्र घरी देऊन मोबाइलवर संदेश पाठवून आकडा विचारला. पहिल्या दहा दिवसांत बोलावलेल्यांपैकी ४४ टक्के स्त्रियांच्या रक्तदाबाची नोंद मिळाली, तर संदेश पाठवलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांच्या. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. दवाखान्यात बोलावलेल्या गटात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदी इतरांपेक्षा पुष्कळ कमी होत्या, आणि संदेशांच्या गटात ती तफावत जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांना "येत नाहीत" म्हणून दोष दिला जात होता त्याच या स्त्रिया होत्या. बदलले होते ते एवढेच की दवाखान्याने त्यांच्यापर्यंत जायचे ठरवले.

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते आणि ती तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तिचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. निवृत्त होईपर्यंत मी इथे अमेरिकेतच एका सार्वजनिक दवाखान्यात रुग्ण-समन्वयक होते. एक कृष्णवर्णीय बाळंतीण लागोपाठ तीन वेळा आली नाही, म्हणून मी तिच्या फाइलमध्ये 'सूचना पाळत नाही' असा शेरा लिहिला. चौथ्या वेळी ती आली तेव्हा तिने पिशवीतून एक शाळकरी वही काढून माझ्यासमोर ठेवली. वहीत रोजचा रक्तदाब लिहिलेला होता, पेन्सिलने, तारीखवार, सकाळ-संध्याकाळ. शेजारणीचे यंत्र ती मागून आणत असे. तीनपैकी दोन भेटी आमच्याच दवाखान्याने पुढे ढकलल्या होत्या आणि त्याचे पत्र तिच्या जुन्या पत्त्यावर गेले होते. मी तिची क्षमा मागितली, शेऱ्याखाली खुलासाही लिहिला. पण फाइलमधला मूळ शेरा पुसता येत नव्हता, आणि तिला पुढे तपासणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला आधी तोच पडणार होता. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हजारो फाइली तपासल्या, तेव्हा असे नकारात्मक शेरे कृष्णवर्णीय रुग्णांच्या वाट्याला येण्याची शक्यता श्वेतवर्णीयांच्या अडीचपट असल्याचे त्यांना आढळले. मी लिहिलेला शेरा त्याच ढिगातला होता.

आता "तिथे माझा अधिकार काय" या तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विमा कंपनीत डेटाचे काम करता, म्हणून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तुमच्या कानांवर आला असेलच. कोणत्या रुग्णांना जादा मदत द्यायची हे ठरवणारी एक संगणकीय पद्धत देशभर वापरात होती. तिच्यात वर्णाचा रकानाच नव्हता, त्यामुळे ती निःपक्षपाती समजली जात होती. मात्र रुग्ण किती आजारी आहे हे ती त्याच्यावर किती खर्च झाला यावरून ठरवत असे. तेवढ्याच आजारी कृष्णवर्णीय माणसावर खर्च मुळातच कमी होत आलेला असल्याने तो या हिशेबात निरोगी ठरत असे. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांमधले कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीही अशीच कथा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे कोविडच्या ऐन भरात, प्रसिद्ध केलेल्या तपासणीनुसार रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असताना यंत्राने 'ठीक आहे' असे सांगण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. आपल्यापैकीही ज्यांची त्वचा गडद आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याच्या सूत्रात तर वर्णाचा गुणक उघडपणे घातलेला होता, आणि तो काढून टाकायला २०२१ साल उजाडावे लागले.

या तिन्ही ठिकाणी कोणी दुष्टपणाने काही केले असे मला वाटत नाही. कोणता आकडा कशाचे माप म्हणून धरायचा हे ठरवणाऱ्या खोलीत, ज्यांचे माप घेतले जाणार होते त्यांच्यापैकी कोणी पुरेशा अधिकाराने बसलेले नव्हते. तुमच्या मैत्रिणीच्या कंपनीत ती स्वतः त्या खोलीत आहे. तुमचा अधिकार आहे तो तिला जे ठाऊक आहे त्याला रकान्यांचे, सूचनांचे आणि इशाऱ्यांचे बिनचूक रूप देण्याचा. ते काम लहान नाही. एक उदाहरण देते. रक्तदाबाच्या यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा लहान पडला की आकडा खोटा वर जातो आणि मोठा झाला की खोटा खाली येतो. सगळ्यांना एकाच मापाचा पट्टा पाठवला तर तुमच्या साऱ्या आलेखांना काही अर्थ उरणार नाही. म्हणून यंत्र पाठवण्यापूर्वी दंडाचे माप घेतले पाहिजे आणि ते माप नोंदीत असले पाहिजे. 'नोंद आली नाही' या रकान्याच्या शेजारी 'का आली नाही' हा रकाना असलाच पाहिजे आणि त्यात काय लिहायचे ते त्या स्त्रीने सांगितले पाहिजे. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर कोणी, किती मिनिटांत फोन करायचा, आणि त्या परिचारिकेने फोन उचलला नाही तर पुढचा कोण, हे पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवा. पहाटे तीन वाजता आलेला आकडा वाचायला कोणी नसेल, तर तो आकडा मागवण्याचा तुम्हाला हक्क नाही.

आता पैशांविषयी. अशा कंपन्या कशामुळे बुडतात याचा मी जो काही अदमास घेतला आहे, त्यात कल्पना चुकीची होती असे क्वचितच असते. बहुतेकदा रुग्णाला हवी असलेली सेवा विकत घेणारा कोणी नसतो. अमेरिकेत दर दहांपैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी योजना, उचलते आणि कृष्णवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक आहे. पूर्वी प्रसूतीनंतर ६० दिवसांनी हे संरक्षण संपू शकत असे. तुमच्या जॉर्जिया राज्याने २०२२ मध्ये ते १२ महिन्यांपर्यंत वाढवले, म्हणूनच तुमच्या मैत्रिणीची वर्षभराची योजना आज कागदावर तरी शक्य आहे. पण संरक्षण असणे वेगळे आणि घरभेटीचे बिल मंजूर होणे वेगळे. प्रसूतीपूर्व तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट यांचे पैसे डॉक्टरांना बहुधा एकाच ठोक रकमेत मिळतात, त्यामुळे नंतरच्या देखरेखीसाठी वेगळे पैसे मोजायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. त्यातच जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या केंद्रीय निधीला येत्या दशकात मोठी कात्री लागणार आहे आणि त्याची झळ राज्यांच्या प्रत्येक ऐच्छिक सेवेला लागू शकते. हे सारे धरूनच आकडेमोड करा.

ज्यांनी ही वाट काढली त्यांच्याकडे पाहिले तर दोन-तीन तऱ्हा दिसतात. डॉ. तोयिन अजायी यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये उभी केलेली सिटीब्लॉक हेल्थ ही कंपनी ब्रुकलिनमधील क्राउन हाइट्समध्ये सुरू झाली. मेडिकेडवरच्या, अनेक व्याधी असलेल्या आणि इतरांनी 'महागडे' म्हणून बाजूला टाकलेल्या रुग्णांची संपूर्ण जबाबदारी तिने घेतली आणि त्यांच्या विमा कंपन्यांशीच करार केले. रुग्ण घरी सांभाळला गेला की इस्पितळाचा खर्च वाचतो, आणि त्या बचतीतून कंपनी चालते. मेलिसा हॅना यांनी २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या माहमीचा पाया त्यांच्या आईचा, लिंडा हॅना या परिचारिकेचा, बाळंतिणींबरोबरचा अनुभव होता. तिथे परिचारिका, स्तनपान सल्लागार आणि डूला यांची माहिती एका ठिकाणी जोडली जाते. सेरेना विल्यम्स यांनी त्यात २०१९ मध्ये पैसे घातले. २०१७ च्या स्वतःच्या बाळंतपणानंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या असताना आपले म्हणणे ऐकून घ्यायला लावण्यासाठी किती झगडावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. किंबर्ली सील्स ॲलर्स यांनी मात्र 'अर्थ' (Irth) हे ॲप ना-नफा तत्त्वावर ठेवले. कृष्णवर्णीय व इतर गौरेतर माता तिथे डॉक्टर व रुग्णालयांविषयीचे आपले अनुभव नोंदवतात आणि रुग्णालयांना त्यातून आपला आरसा मिळतो. गुंतवणूकदाराला दहापट परतावा देण्याचे ओझे अशा कामावर असू नये, म्हणून माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. तुमच्या मैत्रिणीने ना-नफा संस्थेचा पर्याय विचारात घेऊन सोडला आहे की त्याचा विचारच केलेला नाही, हे तिला मोकळेपणाने विचारा.

भांडवलाची बाजू फार कठीण आहे आणि ती तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील एकूण साहसी भांडवलापैकी, म्हणजे नव्या कंपन्यांत गुंतवल्या जाणाऱ्या पैशांपैकी, कृष्णवर्णीय संस्थापकांच्या कंपन्यांना अर्धा टक्काही मिळाले नाही. पहिले पैसे मित्र आणि नातेवाइकांकडून उभे करावेत असे सांगितले जाते, पण फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत अगदी मधल्या श्वेतवर्णीय कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. नातेवाइकांकडेच नाही तर ते देणार कुठून? तुमच्याच अटलांटातील फिअरलेस फंड कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलरचे अनुदान देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला, आणि तोही मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा समान हक्क देण्यासाठी १८६६ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे. जून २०२४ मध्ये अपिली न्यायालयाने अनुदान थांबवले आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ते कायमचे बंद पडले. कंपनीच्या कागदपत्रांत नोंदणीची अट वर्णाची नसावी, कोणत्याही मातेला येता यावे आणि हे शब्द वकिलाने तपासावेत, असे मी म्हटले ते याच कारणासाठी.

इथे तुमच्यापुढे एक पेच उभा राहील. त्याविषयी तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण मला तो आताच दिसतो. तुमच्यापाशी भारतीय नाव आहे, डेटाची पदवी आहे, विमा कंपनीतला अनुभव आहे आणि कदाचित पैसे गुंतवू शकणारी ओळखीची मराठी डॉक्टर मंडळीही आहेत. गुंतवणूकदारांच्या बैठकीत प्रश्न हळूहळू तुमच्याकडे पाहून विचारले जाऊ लागतील. प्रत्येक वेळी तुम्ही मैत्रिणीकडे वळून, "याचे उत्तर त्या देतील" असे शांतपणे म्हणायचे आहे. कंपनीत तिचा हिस्सा तुमच्यापेक्षा मोठा असावा आणि पुढे भांडवल आल्यावरही निर्णयाचा अधिकार तिच्याकडे राहील, अशी तरतूद करारात असावी.

असे मी आग्रहाने सांगते, कारण याच देशात एकदा याच्या नेमके उलट घडलेले आहे. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये १९६७ साली फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर शहरात आजारी माणसाला बहुधा पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. डॉ. पीटर सफार यांनी त्या वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना असे प्रशिक्षण दिले, की आज ज्यांना आपण पॅरामेडिक म्हणतो त्या पेशाची सुरुवातच त्यांच्यापासून धरली जाते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाउसचा करार संपवला आणि ज्यांनी हे काम उभे केले होते त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढच्या काही वर्षांत बाहेर पडावे लागले. सेवा राहिली, पद्धत देशभर गेली, माणसे मागे पडली.

सासूबाईंविषयी मी कठोर होणार नाही. आपण या देशात आलो तेव्हा इथल्या वस्त्यांची ओळख आपल्याला बातम्यांमधून आणि आधी आलेल्या आपल्याच माणसांच्या सूचनांमधून झाली, आणि त्या सूचना आपण न तपासता पुढे देत राहिलो. आपल्या घरांत कृष्णवर्णीयांविषयी कोणते शब्द सहज वापरले जातात हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. त्यावर वाद घालण्यापेक्षा एखाद्या रविवारी मैत्रिणीला जेवायला बोलवा आणि बाळंतिणीला काय खायला देतात यावर दोघींना बोलू द्या. तुम्ही नागपूरच्या आहात, म्हणून आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. विदर्भातल्या कितीतरी घरांना ज्या सिकलसेलने छळले आहे, त्याच आजाराची मोफत तपासणी अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना आपल्या दवाखान्यांतून करीत होती. त्याच संघटनेकडे पाहून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. ज्यांना आपण परके म्हणतो त्यांचे आणि आपले आजार इतके जवळचे आहेत.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. सध्याच्या मालकाशी झालेला तुमचा करार वकिलाला दाखवा. नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनीचा हक्क सांगणारे कलम त्यात असण्याची दाट शक्यता आहे. तोवर कंपनीच्या संगणकावर मैत्रिणीच्या कामाची एक ओळही लिहू नका आणि तिथली कोणतीही माहिती डोक्यातल्या अनुभवापलीकडे बरोबर नेऊ नका. समभाग दोघींनाही चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावेत आणि पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वी कोणी सोडून गेल्यास काहीच मिळू नये, हा रिवाज मैत्रीलाही हितकारक असतो. कुटुंबाचा आरोग्यविमा यजमानांच्या नोकरीवर घ्या. पगाराशिवाय घर किती महिने चालेल हा आकडा दोघांनी मिळून एका कागदावर लिहा आणि त्यातली निम्मी मुदत संपली की थांबून फेरविचार करायचा, हे आजच ठरवा. निदान एका विमा कंपनीशी किंवा रुग्णालयाशी लहानसा का होईना, सशुल्क करार झाल्याशिवाय पूर्णवेळ नोकरी सोडू नका. तोवर विद्यमान मालकाची लेखी परवानगी मिळत असेल तर शनिवार-रविवार काम करा.

आणि या सगळ्याच्या आधी, मैत्रिणीबरोबर एक पूर्ण दिवस घरभेटींना जाऊन या. त्या स्त्रियांची परवानगी तिने आधी घेतलेली असावी. लॅपटॉप घरीच ठेवा, नोंदी घेऊ नका, बाळ झोपले असेल तर चप्पल-बूट दाराबाहेर काढून हळू बोला. ती दंडाला पट्टा कसा गुंडाळते, आकडा येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात काय विचारते आणि आकडा चांगला आला तरी लगेच का उठत नाही, ते पाहा. संध्याकाळी गाडीत बसल्यावर तिला विचारा की आज ऐकलेल्या गोष्टींपैकी कोणती गोष्ट तुमच्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही. तिचे उत्तर मला कळवा. तुमच्या पुढच्या पत्राची मी वाट पाहीन.